मतदान यंत्रावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा?

निवडणुकीत जिंकलेल्या उमेदवाराला निकाल पटवून द्यावा लागत नाही. तो पटवावा लागतो हरलेल्याला आणि त्याला मते देऊन निराश झालेल्या लाखो मतदारांना. सत्तांतर शांततेत व्हायचे असेल, तर पराभूत पक्षाच्या सर्वांत संशयी कार्यकर्त्यालाही ‘आपण खरोखरच हरलो’ हे मान्य करता येईल, इतका पुरावा निवडणूक यंत्रणेने मागे ठेवला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक मतदानाचे फायदे आणि धोके तपासताना ही कसोटी समोर ठेवली, की ‘यंत्र हॅक होते का’ या एकाच प्रश्नाभोवती अडकलेली चर्चा थोडी पुढे सरकते. यंत्रात बिघाड किंवा फेरफार होऊ शकतो का, याइतकेच महत्त्वाचे हे आहे, की तसे झालेच तर ते कोणाच्या लक्षात येईल, कशावरून येईल, आणि लक्षात आल्यावर खरा निकाल शोधून काढता येईल का.

इलेक्ट्रॉनिक मतदान म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्यात एकमेकांपासून बऱ्याच वेगळ्या पद्धती मोडतात, आणि वादात त्यांची सरमिसळ झाली की दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडत राहतात. पहिल्या पद्धतीत मतदान केंद्रातील यंत्राचे बटण किंवा पडदा दाबला, की मत थेट यंत्राच्या स्मृतीत नोंदले जाते. भारतातील ईव्हीएम आणि ब्राझीलचे मतदान यंत्र याच घराण्यातले. दुसऱ्या पद्धतीत मतदार कागदी मतपत्रिकेवरच खूण करतो आणि स्कॅनर ती वाचून मोजणी करतो. अमेरिकेच्या मोठ्या भागात आज ही पद्धत आहे. तिसरीत मतदार पडद्यावर निवड करतो, पण यंत्र मत साठवत नाही, तर भरलेली मतपत्रिका छापून देते. चौथी पद्धत इंटरनेटवरून घरबसल्या मत देण्याची. एस्टोनिया हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण. या चारही पद्धतींचे धोके सारखे नाहीत. स्कॅनर चुकला तर मतदाराच्या हातची मतपत्रिका पेटीत शिल्लक असते. केवळ स्मृतीत नोंद करणारे यंत्र चुकले, तर मागे काहीच उरत नाही.

यंत्राने खरोखर काय सुधारले

फायद्यांची बाजू अनेकदा ‘निकाल लवकर लागतो’ एवढ्यावर संपवली जाते आणि ते त्या बाजूवर अन्याय करणारे आहे. ब्राझीलचे उदाहरण या बाबतीत विचार करायला लावणारे आहे. तेथे कागदी पद्धतीत लोकप्रतिनिधींच्या निवडणुकीसाठी मतदाराला उमेदवाराचे नाव किंवा क्रमांक मतपत्रिकेवर स्वतः लिहावा लागे. ज्यांना नीट लिहिता-वाचता येत नव्हते, अशा मतदारांची मते मोठ्या प्रमाणावर बाद होत. नव्या यंत्रावर टेलिफोनसारखा अंकांचा कळफलक आहे. क्रमांक दाबला की उमेदवाराचे छायाचित्र दिसते, आणि मग मतदार हिरवे बटण दाबून मत पक्के करतो. १९९८ साली पुरेशी यंत्रे नसल्यामुळे ४०,५०० हून अधिक नोंदणीकृत मतदार असलेल्या नगरपालिकांतच ती वापरली गेली आणि त्याहून लहान ठिकाणी कागद चालू राहिला. या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंची तुलना करून अर्थशास्त्रज्ञ थॉमस फुजिवारा यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की यंत्रामुळे बाद आणि कोऱ्या मतांचे प्रमाण दहाहून अधिक टक्केबिंदूंनी घटले, गरीब आणि कमी शिकलेल्या मतदारांचा आवाज प्रत्यक्ष मोजणीत आला, आणि पुढे सरकारी आरोग्यसेवेवरचा खर्चही वाढला. म्हणजे मतदानाचा हक्क कागदावर असूनही जे लोक मोजणीतून गळत होते, त्यांना यंत्राने हक्क प्रत्यक्षात मिळवून दिला. ही मोठी गोष्ट आहे आणि यंत्रांवर टीका करताना ती विसरता कामा नये.

दुसरा फायदा दांडगाईला बसणाऱ्या आळ्याचा आहे. मतदान केंद्र ताब्यात घेऊन मतपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर भराभर शिक्के मारणे आणि ते पेटीत कोंबणे हे काही मिनिटांचे काम असे. भारतातील ईव्हीएम मिनिटाला फार तर चार मते नोंदवते आणि प्रत्येक मतासाठी मतदान अधिकाऱ्याला कंट्रोल युनिटवरचे बटण दाबून परवानगी द्यावी लागते. गडबड सुरू झाली, तर ‘क्लोज’ बटण दाबून यंत्र बंद करता येते. जबरदस्ती यामुळे अशक्य होत नाही, पण तिला वेळ लागतो, आणि त्या वेळात पोलीस पोहोचू शकतात. शिवाय दृष्टिहीन मतदाराला ब्रेल खुणांच्या किंवा ध्वनीच्या मदतीने कोणालाही सोबत न नेता मत देता येते, ही सोय साध्या कागदी मतपत्रिकेत सहज देता येत नाही. माणसांनी रात्रभर जागून केलेल्या मोजणीत थकव्यामुळे होणाऱ्या चुकाही कमी होतात.

कागदी पद्धत निर्दोष होती, असा समज तर कोणी करून घेऊच नये. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्याचा निकाल अवघ्या ५३७ मतांवर ठरला, आणि भोके पाडण्याच्या मतपत्रिकांवरचे अर्धवट लोंबणारे कागदाचे तुकडे मत धरायचे की नाही, यावर सारा देश आठवडेच्या आठवडे वाद घालत बसला. त्याच धक्क्यातून २००२ साली कायदा झाला आणि तिथल्या अनेक राज्यांनी घाईघाईने कागदविरहित टचस्क्रीन यंत्रे विकत घेतली. पुढच्या दशकात त्यांतील बहुतेकांना पुन्हा कागदाकडे वळावे लागले.

बिघाडाला हेतू लागत नाही

धोक्याचे नाव काढले की डोळ्यासमोर हॅकर येतो. पण नोंदलेल्या घटनांकडे पाहिले, तर लबाडीपेक्षा साध्या चुकांनी घातलेला गोंधळच अधिक सापडतो. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधील संसदीय निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक येथे एका उमेदवाराच्या खात्यात ४,०९६ मते जास्त दिसली. ती जास्त आहेत हे कळले एवढ्याचसाठी, की त्या उमेदवाराला मिळालेली मते हिशेबानेच अशक्य होती. तेथे प्रत्येक मतदाराचे मत चुंबकीय कार्डावर नोंदून ते कार्ड पेटीत टाकले जात होते. ती कार्डे पुन्हा वाचल्यावर बाकी सगळे आकडे जुळले आणि फरक बरोबर ४,०९६ चा निघाला. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे दोनचा बारावा घात. स्मृतीतील एकाच बिटाचे (शून्य किंवा एक साठवणाऱ्या एका घराचे) शून्याचे एक झाले, की आकडा नेमका तेवढ्याने वाढतो. तपास करणाऱ्या तज्ज्ञांना आज्ञावलीत (सॉफ्टवेअरमध्ये) दोष सापडला नाही, आणि बिट आपोआप उलटल्याची शक्यता त्यांनी वर्तवली.

या घटनेकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. हाच बिट एखाद्या मोठ्या पक्षाच्या लोकप्रिय उमेदवाराच्या खात्यात उलटला असता, तर आकडा अशक्य वाटला नसता आणि कोणी भुवईही उंचावली नसती. आणि पेटीत कार्डे नसती, केवळ यंत्राच्या स्मृतीतील बेरीज असती, तर संशय येऊनही खरा आकडा सांगता आला नसता.

फिनलंडने २००८ साली तीन नगरपालिकांत प्रयोग केला. मतदाराने उमेदवाराचा क्रमांक निवडायचा, ‘ओके’ दाबायचे, पडद्यावर खात्री करायची आणि पुन्हा ‘ओके’ दाबायचे, अशी रचना होती. काही जणांनी दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधीच कार्ड काढून घेतले आणि मत दिल्याच्या समाधानात ते घरी गेले. अशी २३२ मते हरवली. यंत्रावर दिलेल्या मतांपैकी सुमारे दोन टक्के. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली आणि ती कागदावर पुन्हा घ्यावी लागली. २००६ साली फ्लोरिडातील सारासोटा काउंटीत तर सुमारे १८,००० मतदारांनी मतदान केले, पण यंत्रातील नोंदीनुसार त्यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, जागेसाठी मतच दिले नव्हते; आणि ती जागा ३६९ मतांनी ठरली. पडद्यावरची मांडणी अशी होती, की ती लढत नजरेतून निसटावी, असे पुढच्या अभ्यासांतून दिसले, आणि सरकारी तपासणीत यंत्राचा दोष आढळला नाही. तरीही त्या अठरा हजार जणांना नेमके काय म्हणायचे होते, हे कायमचे अनुत्तरित राहिले, कारण उघडून बघावी अशी एकही मतपत्रिका नव्हती.

आज्ञावली तपासून खात्री का होत नाही

यावर स्वाभाविक उत्तर येते, की यंत्राची आज्ञावली तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी, चाचण्या घ्याव्यात, सील लावावे. हे सगळे करायलाच हवे; पण त्याने खात्री पूर्ण होत नाही, याचे कारण संगणकाच्या स्वभावातच आहे. युनिक्स प्रणालीच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हे दाखवून दिले. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम कम्पायलर नावाची दुसरी आज्ञावली करते. त्या कम्पायलरमध्येच चोरवाट बसवली, तर मूळ आज्ञावलीची ओळ न् ओळ वाचूनही ती दिसत नाही. म्हणजे वाचली ती आज्ञावली आणि मतदानाच्या दिवशी चिपमध्ये धावणारी आज्ञावली एकच आहेत, हे मतदाराला, उमेदवाराला किंवा न्यायाधीशालाही नुसत्या डोळ्यांनी कळण्याचा मार्ग नाही. चाचणीचेही तसेच. आज चाचणी असल्याचे ओळखून त्या दिवशी सरळ वागणारी आणि इतर दिवशी वाकडे वागणारी आज्ञावली लिहिणे अवघड नसते; मोटारींच्या प्रदूषण चाचण्यांत फोक्सवॅगनने अशीच चलाखी केल्याचे २०१५ साली उघड झाले.

नेदरलँड्समधील प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे जवळजवळ सगळीकडे मतदान यंत्रे वापरली जात होती. हे यंत्र केवळ मते मोजण्यासाठीच बनवलेले आहे, दुसरे काही करूच शकत नाही, असा उत्पादक कंपनीचा दावा होता. २००६ साली यंत्रांना विरोध करणाऱ्या नागरिकांच्या गटाने तेच यंत्र मिळवून, त्यातील चिप बदलून, त्यावर बुद्धिबळ खेळून दाखवले. त्यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करणारी वाटते. यंत्राच्या पडद्यातून निघणाऱ्या रेडिओलहरी काही मीटर अंतरावरून टिपता येत होत्या. एका मोठ्या पक्षाच्या नावात ‘ई’ अक्षरावर स्वरचिन्ह होते आणि ते चिन्ह दाखवताना पडद्याची वारंवारिता बदलत असे. त्यामुळे मतदाराने तो पक्ष निवडला की नाही, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला साध्या रेडिओ उपकरणावर ऐकू येऊ शकत होते. यंत्र तयार करणाऱ्याच्या, तपासणाऱ्याच्या किंवा प्रमाणपत्र देणाऱ्याच्या स्वप्नातही ही वाट आली नसेल. २००८ साली तो देश कागद आणि लाल पेन्सिलीकडे परतला. आयर्लंडने त्याच कंपनीची यंत्रे पाच कोटी युरोंहून अधिक खर्चून घेतली, २००२ साली तीन मतदारसंघांत वापरून पाहिली, पुढे गोदामात ठेवली आणि २०१२ साली सुमारे सत्तर हजार युरोंना भंगारात काढली.

भारतातील यंत्राबाबत ‘ते कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते’ हा मुद्दा नेहमी मांडला जातो, आणि तो खरा व वजनदार आहे. प्रत्येक यंत्र सुटे असते, ते कोणत्या केंद्रावर जाईल हे दोन टप्प्यांत यादृच्छिक पद्धतीने ठरते, उमेदवारांची क्रमवारी अर्ज माघारीनंतर निश्चित होते, मतदानाच्या सकाळी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान होते, आणि संध्याकाळी एकूण मतांची नोंद असलेल्या १७-सी नमुन्याची प्रत मतदान प्रतिनिधींना मिळते. त्यामुळे दूर कुठे बसून हजारो यंत्रे एकदम फिरवणे जवळजवळ अशक्य होते. पण यंत्र ज्यांच्या हातांतून जाते, त्यांच्यापासून संरक्षण ही वेगळी बाब आहे. तेथे आधार असतो तो सील, पहारा आणि कागदपत्रांचा, म्हणजे शेवटी माणसांच्या प्रामाणिकपणाचा. तो कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्याला पडताळणीचा पर्यायही म्हणता येणार नाही.

बँकेचे व्यवहार आणि मत यांतला फरक

फोनवरून पैसे पाठवता येतात, मग मत का नाही, हा प्रश्न तरुण मतदार हमखास विचारतात, आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. बँकेच्या व्यवहारात दोन्ही बाजूंकडे नोंद असते. खात्यातून चुकीने रक्कम गेली तर खातेदाराला दिसते, तो तक्रार करतो, बँक नोंदी तपासते, चूक दुरुस्त होते. हे सगळे शक्य होते, कारण कोणी, कोणाला, किती दिले हे नावानिशी लिहिलेले असते. मताच्या बाबतीत हीच नोंद निषिद्ध आहे. मतदाराने कोणाला मत दिले हे कोणालाही कळता कामा नये, आणि मतदाराने ठरवले तरी त्याला ते इतरांना सिद्ध करून दाखवता येता कामा नये. नाहीतर मत विकत घेणाऱ्याला पावती मिळते आणि धमकावणाऱ्याला हिशेब. म्हणजे एकाच वेळी प्रत्येक मत मोजले गेल्याची खात्रीही हवी आणि ते कोणाचे होते याचा मागमूसही नको. संगणकशास्त्रातील सर्वांत कठीण प्रश्नांमध्ये याची गणना होते, ती यामुळेच.

एस्टोनियाने २००५ पासून इंटरनेटवर मतदान चालू ठेवले आहे आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते तशी आली. त्यांच्याकडे प्रत्येक नागरिकाकडे चिप असलेले ओळखपत्र आहे. घरात कोणी दडपण आणले, तर मतदाराला नंतर पुन्हा मत देता येते आणि शेवटचेच मोजले जाते; केंद्रावर जाऊन दिलेले कागदी मत तर आधीच्या इंटरनेट मतावर मात करते. हा विचारपूर्वक केलेला उपाय आहे. तरीही २०१७ साली त्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला आणि सुमारे साडेसात लाख कार्डे एकदम असुरक्षित ठरली. मतदाराच्या स्वतःच्या संगणकात घुसलेला विषाणू, सर्व्हरवरचा हल्ला, ऐनवेळी कोलमडलेली यंत्रणा, हे धोके तर वेगळेच. २०१० साली वॉशिंग्टन शहराने आपली इंटरनेट मतदान यंत्रणा तपासण्यासाठी सर्वांना खुले आव्हान दिले, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या चमूने ४८ तासांच्या आत तिचा पूर्ण ताबा घेतला, मते बदलली, आणि मत दिल्यावर आपल्या विद्यापीठाचे गाणे वाजेल अशी व्यवस्था केली. अधिकाऱ्यांना हे कळायला जवळजवळ दोन कामाचे दिवस लागले, आणि तेही गाणे ऐकू आल्यामुळे. खऱ्या हल्लेखोराने गाणे वाजवले नसते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात तर कोणी हल्लाही केला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये स्थानिक निवडणुकांच्या दिवशी यंत्रणाच गर्दीला पुरी पडली नाही आणि न्यायालयाला तीन ठिकाणच्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या.

गणिती कूटलेखनाच्या, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात लपवण्याच्या शास्त्राच्या, आधारे मत गुप्त ठेवूनही मोजणी पडताळता येईल अशा पद्धती आज अस्तित्वात आहेत आणि छोट्या संस्थांच्या निवडणुकांत त्या वापरल्याही जातात. पण २०२५ साली कूटलेखनतज्ज्ञांच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेला आपली निवडणूक पुन्हा घ्यावी लागली, कारण निकाल उघडण्यासाठी लागणाऱ्या तीन चाव्यांपैकी एक हरवली होती. शिवाय ही पडताळणी समजण्यासाठी उच्च गणित लागते, आणि तेथे आणखी एक अडचण उभी राहते.

ती अडचण जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी दिलेल्या निकालात फार स्पष्टपणे मांडली आहे. एका राज्यशास्त्रज्ञाने आणि त्याच्या भौतिकशास्त्रज्ञ मुलाने २००५ च्या निवडणुकीत वापरलेल्या यंत्रांना आव्हान दिले होते. न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली नाही, कारण प्रत्यक्ष चूक झाल्याचा पुरावा नव्हता. मात्र निवडणुकीतील महत्त्वाचे टप्पे कोणत्याही विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय सामान्य नागरिकाला तपासता आले पाहिजेत, असे सांगून त्या प्रकारच्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. मला हा युक्तिवाद पटतो. तज्ज्ञांनी दिलेले प्रमाणपत्र कितीही खरे असले, तरी नागरिकाच्या दृष्टीने तो दुसऱ्या कोणीतरी दिलेला शब्दच असतो.

कागद ठेवणे आणि तो मोजणे

मग यंत्रे टाकूनच द्यायची का? तसे नाही. संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड रिव्हेस्ट आणि जॉन वॅक यांनी २००६ साली एक निकष सुचवला: आज्ञावलीत न सापडलेली चूक किंवा बदल असला, तरी त्यामुळे निकालात न सापडणारा बदल होता कामा नये. या एका वाक्यात सारी भूमिका येते. यंत्र चुकणार नाही, असा आग्रह धरायचा नाही. ते चुकले तर कळले पाहिजे, असा धरायचा. त्यासाठी मतदाराने स्वतः पाहिलेली कागदी नोंद हवी, आणि त्या कागदांची पुरेशी, यादृच्छिक तपासणी निकाल जाहीर होण्यापूर्वी व्हायला हवी. यातला पहिला भाग बऱ्याच ठिकाणी पार पडला आहे. दुसऱ्या भागात मात्र हात आखडता घेतला जातो.

भारतात २०१३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणारे उपकरण, आले. बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पेटीत पडते. २०१९ पासून लोकसभेच्या निवडणुकीत प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी जुळवल्या जातात. चार कोटींहून अधिक चिठ्ठ्या जुळवल्या गेल्या आणि एकाचे मत दुसऱ्याला गेल्याचे एकही उदाहरण आढळले नाही, असे निवडणूक आयोगाने न्यायालयाला सांगितले आहे, आणि २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. हा अनुभव आश्वासक आहे, आणि तो नोंदवून पुढचा प्रश्न विचारायला हवा: पाच हा आकडा पुरेसा आहे का?

हिशेब करून पाहू. समजा, एका क्षेत्रात २५० यंत्रे आहेत आणि त्यांतील निम्मी बिघडलेली आहेत. यादृच्छिक पाच तपासली, तर एकही बिघडलेले हाती न लागण्याची शक्यता फक्त सुमारे ३ टक्के. म्हणजे मोठा गोंधळ सहज पकडला जाईल. आता समजा, २५० पैकी पाचच यंत्रे बिघडलेली आहेत. त्यांतले एकही तपासणीत न येण्याची शक्यता सुमारे ९० टक्के आहे. पाच यंत्रांतून प्रत्येकी शंभर मते इकडची तिकडे झाली, तर दोघांमधील अंतर हजाराने बदलते. मताधिक्य पन्नास हजारांचे असेल, तर याने काही फरक पडणार नाही. पाचशेचे असेल, तर निकालच फिरेल. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी आयोगाला दिलेल्या अहवालात देशभरातून ४७९ यंत्रे तपासणे पुरेसे मानले होते, आणि सगळी यंत्रे मिळून एकच मोठा समूह धरला तर ते गणित बरोबरही आहे. पण निवडणूक देशाच्या एकत्रित बेरजेवर ठरत नाही, ती मतदारसंघनिहाय ठरते. त्यामुळे नमुन्याचा आकार त्या-त्या जागेवरील मताधिक्याशी बांधलेला असला पाहिजे, हे माझे स्पष्ट मत आहे.

अशी पद्धत कल्पनेतली नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून ती राज्यभर लागू केली. तेथे निवडणुकीनंतर लोकांसमोर दहा बाजूंचे वीस फासे टाकले जातात. त्या आकड्यांवरून, सर्वांना ठाऊक असलेल्या सूत्राने, कोणत्या मतपत्रिका तपासायच्या ते ठरते, त्यामुळे आधी कोणालाच अंदाज बांधता येत नाही. मग त्या मतपत्रिका माणसे हाताने काढून वाचतात. दोन उमेदवारांत वीस टक्क्यांचे अंतर असेल, तर शंभर-दीडशे मतपत्रिका पाहूनही निकालाची भक्कम खात्री होऊ शकते. एक-दोन टक्क्यांचे असेल, तर, नमुना कसा घेतला त्यावर अवलंबून, हजारो पाहाव्या लागू शकतात. श्रम जिथे गरजेचे असतात, तिथेच ते खर्च होतात.

कागदाच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. मतदाराने चिठ्ठी पाहिलीच नाही, तर तिचा पुरावा म्हणून असलेला जोर कमी होतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी एका प्रायोगिक मतदानात छापील मतपत्रिकांवर मुद्दाम एक चूक घातली, तेव्हा कोणतीही सूचना न देता शंभरांपैकी सुमारे सात जणांनीच ती अधिकाऱ्यांच्या लक्षात आणून दिली. ‘छापलेले नीट वाचा’ असे स्पष्ट सांगितल्यावर हे प्रमाण वाढले. आणि कागद असला म्हणून प्रत्येक जण निकाल मान्य करतोच असे नाही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या, विजेता तोच राहिला, तरी अनेकांचा संशय मिटला नाही. मात्र त्या मोजणीमुळे न्यायालयांसमोर, अधिकाऱ्यांसमोर आणि ऐकून घेण्याची तयारी असलेल्या प्रत्येकासमोर ठोस उत्तर होते. २०२२ साली ब्राझीलमध्ये यंत्रांवर आरोप झाले, तेव्हा फेरफाराचा कोणताही पुरावा पुढे आला नाही. पण तेथे मतदाराने पाहिलेला कागदच नसल्यामुळे पुन्हा मोजून दाखवण्याची सोयही नव्हती. कागदी नोंदीची घटनादुरुस्ती तेथील संसदेत वर्षभर आधीच, ऑगस्ट २०२१ मध्ये, पुरेशा मतांअभावी पडली होती.

राहता राहिला तो मुद्दा, जो सहसा शेवटच्या क्षणापर्यंत कोणी विचारात घेत नाही: कागद आणि यंत्र जुळले नाहीत, तर पुढे काय? भारताच्या निवडणूक नियमांत, एखाद्या यंत्राचा आकडा आणि त्याच्या चिठ्ठ्यांचा आकडा वेगळा निघाला तर चिठ्ठ्यांचा धरावा, असे ५६-डी नियम सांगतो. पण ज्या पाच केंद्रांत मोजणी झाली त्यांतल्या एकात तफावत सापडली, तर न तपासलेल्या उरलेल्या दोनशे पंचेचाळीस यंत्रांचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. नमुना तपासण्याचा हेतूच मुळी न तपासलेल्या भागाबद्दल काही सांगणे हा असतो. तेव्हा केवळ त्या एका यंत्राची दुरुस्ती करून थांबणे तर्काला धरून नाही. कोलोरॅडोत तफावत सापडली आणि निकालाबद्दलची शंका गणिताने दूर झाली नाही, तर नमुना वाढवला जातो, पुन्हा वाढवला जातो, आणि गरज पडली तर प्रत्येक मतपत्रिका हाताने मोजून तोच निकाल अंतिम धरला जातो. किती तफावतीला नमुना वाढवायचा, कोणी वाढवायचा आणि तोपर्यंत निकाल रोखून ठेवायचा की नाही, हे सारे नियम मतदानाच्या कितीतरी आधी, कोण जिंकणार हे कोणालाच ठाऊक नसताना, सर्व पक्षांसमोर ठरलेले आणि छापून प्रसिद्ध झालेले असले पाहिजेत.